तेओतिवाकानला एक दिवस पुरेल?

प्रश्न: मुलगा मेक्सिको सिटीत असतो. आम्ही दोघंही साठी ओलांडलेली. तिथून जवळच्या तेओतिवाकान या प्राचीन नगरीचे पिरॅमिड एका दिवसात बघून होतील का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: होतील, पण सकाळी लवकर पोचा. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचावर. आपण समुद्रकाठची माणसं, धाप लागतेच. म्हणून आधी एक-दोन दिवस शहरात आरामात काढा. ‘मृतांचा रस्ता’ हा तिथला मुख्य रस्ता दोन किलोमीटरांहून लांब आणि सावली जवळपास नाहीच, तेव्हा टोपी नि पाणी हवंच. सूर्याचा पिरॅमिड सुमारे ६५ मीटर उंच. खालून बघतानाही छाती दडपते. मला मात्र सगळ्यांत भावली तेपान्तित्ला या तिथल्या जुन्या वाड्यातली भित्तिचित्रं. त्यांत माणसं पोहतात, खेळतात, फुलपाखरांमागे धावतात! कितीतरी पर्यटक तिकडे फिरकतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं. सूर्याच्या पिरॅमिडमागे, पूर्वेला थोडं चालायचं. दमण्याआधी तिथेच जा.