साक्ष दिली नाही तर आजार परत येतो का?

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांच्या तोंडून हा प्रश्न वरचेवर येतो, आणि बहुधा सगळ्यात शेवटी येतो. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, घरात कुणाशी बोलावंसं वाटत नाही, हे सगळं सांगून होतं. पिशवी उचलता उचलता मग हळूच विचारतात, "प्रभूनं मला बरं केलं, पण मी अजून साक्ष दिलेली नाही. म्हणून तर हे होत नसेल ना?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. उपासनेत किंवा घरच्या प्रार्थनासभेत उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं, याला आमच्याकडे साक्ष म्हणतात. ती ऐकून मंडळीला धीर येतो, सांगणाऱ्यालाही येतो. ख्रिस्ती विश्वास अशाच सांगण्यातून घरोघरी गेला, यात मला शंका नाही. पण त्याच साक्षीची धास्ती घेऊन एखादी बाई रात्र रात्र जागी राहते, तेव्हा कुठंतरी काही चुकलेलं असतं.

अशाच एका बाईंबद्दल त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावाऐवजी ताई म्हणते.

ताई घरी शिवणकाम करतात. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. मागच्या वर्षी खोकला हटेना, संध्याकाळी ताप, वजन उतरलं. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या फुकट, वर आहारासाठी खात्यात सरकारी पैसे. आजाराचं औषध मिळालं, पण आळीत बातमी फुटली आणि गिऱ्हाइकं तुटली. एकीनं मापाला दिलेला ब्लाउज परत मागवला, तोही मुलाला पाठवून, दारातूनच.

गोळ्या सुरू होऊन तीनेक आठवडे झाले असतील. पाळक आणि मंडळीतले दोघं-तिघं घरी आले, याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं कपाळाला तेल लावून, डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. त्या रात्री ताईंना दरदरून घाम आला आणि सकाळपर्यंत गाढ झोप लागली. त्यानंतर ताप आलाच नाही. प्रभूनं आपल्याला स्पर्श केला, असं त्यांना मनापासून वाटलं.

ताप गोळ्यांनी उतरला की प्रार्थनेनं, हा निवाडा करायला मी बसलेले नाही. टीबीचं औषध लागू पडलं की काही आठवड्यांत ताप उतरतो, हे खरं. हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला यशया संदेष्ट्यानं सांगितलं होतं, हेही पवित्र शास्त्रातच आहे. प्रेषित पौलाच्या सोबत्यांत लूक नावाचा वैद्य होता. देव औषधातून काम करत नाही, असं मला तरी कुणी शास्त्रातून दाखवलेलं नाही.

पण प्रार्थनागटातल्या एका बांधवानं ताईंना दोन गोष्टी ऐकवल्या होत्या. बरं झाल्यावरही गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. आणि देवानं दिलेलं बरेपण लपवलंस तर आजार दुपटीनं परत येतो. व्हिडिओ करू, सगळ्या ग्रुपवर टाकू, असा आग्रह सुरू झाला. ताई व्हिडिओला तयार होईनात. गोळ्यांची पाकिटं त्यांनी तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवली, प्रार्थनेला येणाऱ्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. लपवाछपवीत काही दिवसांच्या गोळ्या चुकल्याही. साधा ठसका लागला तरी त्या रुमालात रक्त शोधायच्या.

आमचं पहिलं बोलणं झालं ते फक्त गोळ्यांवर. बाकी सगळं थांबू शकत होतं, हे नाही. अर्धवट औषध घेतलं की उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, मग उपचार लांबतो आणि जड जातो, शिवाय तोच चिवट आजार घरातल्यांना लागू शकतो. त्याच दिवशी त्या टीबी केंद्रात गेल्या आणि चुकलेल्या दिवसांचं त्यांनी सांगून टाकलं. पाकिटं डब्यातून बाहेर आली, देव्हारा नसलेल्या घरात जिथं शास्त्र ठेवतात त्या फळीवर.

मग भीतीकडे वळलो. मी त्यांना लूकच्या सतराव्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट मोठ्यानं वाचायला सांगितली. दहा जण शुद्ध होतात, एकच परत येऊन येशूच्या पाया पडतो, आणि तोही शोमरोनी, म्हणजे परका मानलेला. "बाकीचे नऊ कुठं आहेत," असं येशू विचारतो.

"ताई, त्या नऊ जणांचा आजार परत आला का?"

त्यांनी पान उलटून पुढचंही पाहिलं. "तसं लिहिलेलं नाही."

"त्यांनी तर आभारसुद्धा मानले नव्हते."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, मी हे नवसासारखंच धरून बसले होते हो. बोललेलं फेडलं नाही की कोप होतो, तसं."

हे त्यांनी स्वतःच ओळखलं. आपल्याकडे तीन पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरातही नवसाचा हिशोब आतून चालूच असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हवापाणीच ते आहे. पण ज्या देवाला त्या पिता म्हणतात तो दिलेलं बरेपण वसुलीसाठी काढून घेतो, हे शुभवर्तमानात बसत नाही.

त्या बांधवाचा आधार योहानाच्या पाचव्या अध्यायातला होता. अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू म्हणतो, यापुढे पाप करू नको, नाहीतर याहून वाईट होईल. ताईंनी तो भाग पुन्हा वाचला. तिथं इशारा आहे तो पापाबद्दल. साक्ष द्यायला संकोचणं हे पाप, असं त्यात कुठंही नाही. उलट मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरोग्याला बजावतो की कुणाला काही सांगू नको, आधी जाऊन याजकाला दाखव. आजार गेला की नाही ते तेव्हा याजकच पाहायचे. म्हणजे आधी तपासणी! मार्काच्याच पाचव्या अध्यायात याइराच्या मेलेल्या मुलीला उठवल्यावरही हे कुणाला कळू देऊ नका म्हणतो आणि तिला काहीतरी खायला द्या म्हणून सांगतो. त्याच अध्यायात भूतग्रस्ताला मात्र घरी, आपल्या माणसांकडे जाऊन सांग म्हणतो. माणूस पाहून वेगळं सांगणं आहे. प्रत्येकाला एकच माइक हातात देणारे आपण.

तरी एक प्रश्न राहिलाच होता. भीती नव्हती तेव्हाही ताई का बोलल्या नाहीत? बुजऱ्या तर त्या नाहीत, भगिनी मंडळात गाणी त्याच सुरू करतात.

उत्तर यायला काही भेटी जाव्या लागल्या. त्यांच्या मंडळीत एक काकू आहेत. त्यांचा तरुण मुलगा किडनीच्या आजारानं गेला. सगळ्या मंडळीनं उपास धरून प्रार्थना केली होती, तोच पाळक, तेच तेल. ताई म्हणाल्या, "साक्षीची वेळ झाली की काकू उठतात आणि मागं जाऊन पाण्याचा माठ भरायला लागतात. भरलेला असला तरी. त्यांच्यासमोर मी काय सांगू, देवानं माझं ऐकलं म्हणून?"

मला त्या दिवशी या बाईंबद्दल फार आदर वाटला. जिला सगळे विश्वासात कच्ची म्हणत होते, तिचं तोंड बंद होतं ते दुसरीच्या दुःखापोटी. मी सल्ला एवढाच दिला की व्हिडिओ राहू दे, मंडळीही राहू दे, आधी काकूंकडे जा.

त्या गेल्या. ब्लाउजच्या मापाचं निमित्त काढून. काय झालं ते नंतर त्यांनी सांगितलं. दंडाचं माप घेता घेता त्यांनी मनातलं बोलून टाकलं. काकू म्हणाल्या, "बोल की. तू बरी झालीस, मला बरंच वाटलं. फक्त 'माझा विश्वास होता म्हणून' असं म्हणू नकोस. माझाही होता."

साक्ष देणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकायला हवं. पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा सोबती त्रफिम आजारी होता म्हणून पौलाला त्याला मिलेतात ठेवून पुढं जावं लागलं. पौलाचा विश्वास कमी पडला, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

मग ताईंना म्हटलं, तुमची गोष्ट वहीत लिहून आणा. पहिला मजकूर वाचून मला हसू आवरेना, त्यांनाही. "डॉक्टरांनी हात टेकले होते," हे पहिलंच वाक्य. कुठल्या डॉक्टरांनी? "तसं कुणीच टेकले नव्हते. म्हणायची पद्धत आहे ना." पद्धतीची सगळी वाक्यं खोडली. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या आंधळ्याला परूशी धर्मपुढारी उलटसुलट विचारतात, तेव्हा तो आपल्याला माहीत आहे तेवढंच सांगतो: मी आंधळा होतो, आता दिसतं. तेवढंच ठेवू म्हटलं. तुम्ही काय पाहिलंत?

खोडून उरलं ते असं. नवरा रात्री उठून घामानं भिजलेली उशी बदलायचा. शेजारणी येत नव्हत्या तेव्हा टीबी केंद्रातली मुलगी तोंडाला मास्क लावून येऊन जायची. आणि प्रार्थनेच्या दिवशी पाळकांनी डोक्यावर हात ठेवला. इथं ताई वाचता वाचता थांबल्या. "मॅडम, तोपर्यंत कितीतरी दिवसांत मला बाहेरच्या कुणी हातच लावला नव्हता."

कुष्ठरोग्याला बरा हो म्हणण्याआधी येशूनं हात पुढं करून त्याला स्पर्श केला, असं मार्कानं मुद्दाम लिहिलंय. नुसत्या शब्दानं काम झालं असतं. ताईंची खरी साक्ष त्यांना इथं सापडली, ताप उतरण्याच्याही आधीच्या क्षणात.

त्यानंतर जे झालं ते मी सुचवलेलं नाही. मशीनवर बसल्या बसल्या एका गिऱ्हाइकीणबाईकडून कळलं की तिच्या सासूला टीबी झालाय आणि म्हातारी गोळ्या फेकून देते. घर ख्रिस्ती नाही. ताई मास्क लावून गेल्या, खिडकी उघडली, खाटेशी स्टूल ओढून बसल्या. म्हातारी घाबरली होती ती नारिंगी-लाल लघवी पाहून, तिला वाटलं रक्त जातंय. "गोळीचा रंग आहे तो, माझीही तशीच व्हायची," असं सांगून ताईंनी तिचा हात हातात घेतला. दोन-तीन फेऱ्यांनंतर म्हातारीनंच विचारलं, तू का येतेस गं? तेव्हा ताईंनी सांगितलं. प्रभूचं नाव घेऊन, आणि दवाखान्याचंही.

आमच्या भागाला हे नवीन नाही. मिरजेला 1890 च्या दशकात डॉ. वानलेस यांनी दवाखाना उभारला, पुढं जवळच टीबीच्या रुग्णांसाठी सॅनेटोरियम झालं. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या बायकांनाच आरोग्याचं काम शिकवलं. बरं करणं आणि सांगणं यांची तिथं कधी ताटातूट झाली नाही.

धर्मांतराच्या संशयाचं काय, हे ताईंनी विचारलं, विचारायलाच हवं असे दिवस आहेत. घटनेचं पंचविसावं कलम आपला धर्म सांगण्याचा हक्क देतं, आणि त्याच वाक्यात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादाही घालतं. मी त्यांना म्हटलं, विचारल्याशिवाय आजाऱ्याच्या उशाशी धर्म काढू नका. बरं होशीलच असं वचन कुणालाही देऊ नका, ते आपल्या हातात नाही. गोळी सोड असं चुकूनही नको. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1954 पासून आहे, तेव्हा कुणाच्या व्हिडिओत आपला चेहरा कुठल्या मजकुरासोबत जातो तेही पाहा. पेत्राच्या पहिल्या पत्रात, कुणी तुमच्या आशेचं कारण विचारलं तर सौम्यतेनं आणि आदरानं उत्तर द्या, असं आहे. विचारलं तर.

सहा महिने पुरे झाले, थुंकी निगेटिव्ह आली, मग ताई भगिनी मंडळात बोलल्या. मोबाइल खाली ठेवायला लावून. काकू त्या दिवशी बसून होत्या. व्हिडिओवाला बांधव नाराज आहे, असू दे. पाळकांशी मी स्वतंत्रपणे बोलले, आणि औषधं बंद करायला कुणी सांगू नये हे त्यांनी भक्तीत जाहीर केलं, याचं मला समाधान आहे.

ताईंची झोप सुधारली आहे, पूर्ण नाही. रात्री खोकला आला की अजून दचकतात, आणि आता त्यांच्याइतकाच नवराही दचकतो. पुढच्या वेळी दोघांनी मिळून या, असं सांगितलं आहे.