मधले भाग

चि. मुली,

फिजिओथेरपीच्या प्रवेशासाठीचा तुझा निबंध दोनदा वाचला. 'मावशी, इंग्रजी तेवढं बघ' म्हणालीस. इंग्रजीला काही झालेलं नाही. पण चौथ्या परिच्छेदात एक वाक्य आहे, की महासाथीच्या खडतर काळावर मात करून तू नव्या उमेदीनं अभ्यासाला लागलीस. संपलं. मार्च 2020 ते 2021चा उन्हाळा एका ओळीत गुंडाळला, आणि पुढचा परिच्छेद थेट पदवीपासून सुरू.

कुणावर मात केलीस गं? तू न्यू जर्सीत, एडिसनमधल्या सोफ्यावर आजीबरोबर टीव्ही बघत होतीस.

रागावू नकोस. परवा फोनवर तूच म्हणालीस, की लिहिण्यासारखं काही केलंच नाही. बाकीच्यांनी ॲप काढली, मास्क शिवले, आणि तू दुपारी सिरियल आणि रात्री टेनिस. 'सगळं वाया गेलं मावशी.' हा 'वाया' शब्द माझ्या कानात अडकून बसलाय, म्हणून हे पत्र. मधलं गाळू नकोस, एवढंच मला सांगायचंय. ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

मी 1984 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आले तेव्हा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत माझी पाळी दुपारी साडेतीनला सुरू व्हायची. दुपारभर घरात एकटी. टीव्हीवर मालिका, एक वाजता 'ऑल माय चिल्ड्रन', दोनला 'वन लाइफ टू लिव्ह', आणि तीनला 'जनरल हॉस्पिटल' लागायचं तेव्हा मी पायात बूट घालत असायची. मग व्हीसीआर घेतला आणि तिथेच वाईट सवय लागली. रात्री साडेबाराला घरी येऊन टेप लावायची आणि बटण दाबून पळवायची. लग्न आलं की थांब, खून आला की थांब. कॉफी ओतणं, दारात उभं राहून 'मी निघते' म्हणणं आणि न निघणं, ते सगळं पुढे. तेव्हा वाटायचं, वेळ वाचवतेय. वाचवलेल्या वेळेचं मी काय केलं, ते मला आजतागायत आठवलेलं नाही.

अगं, डेली सोप म्हणजेच ती कॉफी. आठवड्याला पाच भाग, वर्षाला अडीचशेच्या आसपास. त्यात लग्नं आणि खून किती असणार? साबणाच्या कंपन्यांच्या पैशावर रेडिओसाठी हा प्रकार सुरू झाला. 'गायडिंग लाइट' 1937 साली रेडिओवर आली, 1952ला टीव्हीवर गेली आणि 2009 साली थांबली. बहात्तर वर्षं. ती बघणारी बाई शेवट कळावा म्हणून बघत नव्हती, हे तरी तुला पटेल ना? शेवट बघायला बहुतेक जणी उरल्याच नव्हत्या.

आणि गाळल्याचं काय होतं, तेही ऐक. 'जनरल हॉस्पिटल'मधलं ल्यूक आणि लॉराचं लग्न, नोव्हेंबर 1981. सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिलं, एलिझाबेथ टेलर पाहुणी म्हणून येऊन गेली. मी इथे आले तेव्हाही बायका त्याच लग्नाबद्दल बोलायच्या. पण 1979 साली त्याच ल्यूकनं त्याच लॉरावर बलात्कार केलेला होता. जोडी लोकांना आवडली, मग मालिकेनं ते हळूहळू 'मोहात पाडलं' वगैरे भाषेत गुंडाळून टाकलं. तुझ्या चौथ्या परिच्छेदासारखं. शेवटी 1998 साली, त्यांचा मुलगा मोठा झाल्यावर, त्याला ते कळलं आणि मालिकेला सगळं पुन्हा उघडावं लागलं. लॉराला त्याबद्दल डोळ्यात डोळे घालून बोलावं लागलं. एकोणीस वर्षांनी. गाळलेला भाग कुठे जात नाही, तो पुढच्या कुठल्यातरी दुपारी दारात येऊन उभा राहतो. मी वर्तमानपत्री भाषेत बोलायला लागले का? जाऊ दे.

तुमच्या सोफ्याकडे येते. आजी फेब्रुवारी 2020 मध्ये सांगलीहून आली, सहा महिन्यांसाठी, आणि अडकली. तिची मराठी सिरियल तिकडे बंद पडली, शूटिंगच थांबलेलं. तू हॉस्टेल रिकामं करून दोन बॅगा घेऊन घरी आलीस. मग तू तिला 'जनरल हॉस्पिटल' मराठीत सांगायला लागलीस. तिला नावं लक्षात राहीनात म्हणून फ्रिजवर कागद लावलास. सनी, कार्ली, जेसन, माइक. 'देवनागरीत लिही, मला तुमची अक्षरं नको' म्हणाली ती, आणि तू आठ वर्षांची असताना सोडलेली बाराखडी त्या कागदापायी पुन्हा गिरवलीस. 'कॉरिंथॉस' हे सनीचं आडनाव लिहायला तुला अख्खी संध्याकाळ लागली, असं तुझी आई सांगते. हे पत्र तू आज मराठीत वाचतेयस ते त्या कागदामुळे. निबंधात कुठे आहे तो कागद? 'बहुभाषिक' असा एक शब्द टाकलायस. कपाळ माझं.

मे महिन्यात नवे भाग संपले आणि जुने दाखवायला लागले, तेव्हा आजी म्हणाली होती, 'हा मेलेला ना? मग चहा कसला पितोय?' मला फोन करून तू ते सांगितलंस तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून हसले. त्या दिवसांत दुसरं काही हसण्यासारखं नव्हतं. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'वाल्यांनी कित्येक महिने आधीच चित्रीकरण करून ठेवलेलं, म्हणून त्यांचं गाडं चालू राहिलं. 'बोल्ड अँड द ब्यूटिफुल' जूनमध्ये पुन्हा उभी राहिली, तर प्रेमप्रसंगांसाठी पुतळे आणि नटांचे खरेखुरे नवरे-बायका आणल्या. तुम्ही दोघी पुतळा ओळखायची पैज लावायचात. हसण्यावारी नेऊ नकोस. जगात माणसानं माणसाला हात लावायची चोरी झाली होती आणि एक मालिका त्यातून वाट काढत होती. तू तिची रोजची साक्षीदार होतीस.

आणि माइक. सनीचा बाप, अल्झायमर झालेला. दोन वर्षांहून जास्त काळ ती कथा चालली. माइक झालेल्या मॅक्स गेलला त्या कामाबद्दल दोनदा एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला. सिनेमात विस्मरण वीस मिनिटांत होतं. इथे त्यानं आज एक नाव चुकवलं, पंधरा दिवसांनी दुसरं, मध्ये एक दिवस एकदम नीट वागला आणि घरच्यांना आशा लागली. हे फक्त रोजच्या सिरियललाच जमतं, कारण तिच्याकडे कंटाळवाणे दिवस भरपूर असतात. सप्टेंबर 2020 मध्ये माइक गेला, तेव्हा आजी तीन दिवस सुतकात असल्यासारखी गप्प होती, हे तूच सांगितलंस. तिचा स्वतःचा भाऊ जुलैमध्ये तिकडे गेला होता आणि तिला जाता आलं नव्हतं. ती माइकसाठी रडली का भावासाठी, हे तुला माहीत असेल. मला नाही. आणि हे तू 'मात करून' या दोन शब्दांत घातलंस!

टेनिसचंही तेच. तुमची पिढी हायलाइट्स बघते. दहा मिनिटांत सामना, सगळे फटके जिंकणारे. त्यात माणूस टॉवेलनं तोंड पुसत नाही, सोपा चेंडू जाळ्यात घालून स्वतःवर चिडत नाही. मला तर ड्यूसवर ड्यूस, म्हणजे पुन्हा पुन्हा बरोबरी, चाललेला गेम बघायचा असतो. 2010 साली विम्बल्डनच्या 18 नंबरच्या कोर्टावर इस्नर आणि माहू तीन दिवस खेळले, 11 तास 5 मिनिटं, शेवटचा सेट 70-68. आकडा सगळ्यांना पाठ. पण त्या सेटमध्ये माहू सामना वाचवायलाच सर्व्हिस करत होता, दर वेळी, गेमामागून गेम, आणि 47-47 ला बिचारा फलकच बंद पडला. तो माणूस मला इस्नरपेक्षा जास्त आठवतो.

सातव्या नंबरच्या गाडीनं मेट्स-विलेट्स पॉइंटला उतरून मी यूएस ओपनला किती वर्षं गेलेय ते मोजलेलं नाही. क्वालिफायिंगचा आठवडा फुकट असायचा, डबा घेऊन जायचं आणि लांबच्या कोर्टांवर बसायचं. तिथे नाव नसलेली मुलं जिवाच्या आकांतानं खेळतात. 2020च्या वसंतात त्याच आवारातल्या बंदिस्त कोर्टांवर रुग्णांसाठी 350 खाटा टाकल्या होत्या. आणि 31 ऑगस्टला तिथेच स्पर्धा सुरू झाली, प्रेक्षक नाहीत. आर्थर ॲश स्टेडियमच्या तेवीस हजारांवर खुर्च्या रिकाम्या. बुटांचा करकर आवाज ऐकू यायचा.

अंतिम सामना आठवतो? डॉमिनिक थीम विरुद्ध ॲलेक्झांडर झ्वेरेव. थीम पहिले दोन सेट 2-6, 4-6 असा हरला, आणि हरला म्हणजे वाईट हरला. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तिथे टीव्ही बंद केला. पाचव्या सेटमध्ये झ्वेरेव 5-3 वर सामना जिंकायला सर्व्हिस करत होता आणि त्याला जमलं नाही. मग थीमला जमेना. टायब्रेकमध्ये, म्हणजे 6-6 नंतरच्या निर्णायक गेममध्ये, दोघांचे पाय गेलेले, झ्वेरेवची दुसरी सर्व्हिस गल्लीतल्या पोरासारखी येत होती. 8-6. यूएस ओपनचा पुरुषांचा अंतिम सामना पाचव्या सेटच्या टायब्रेकवर सुटला, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. त्याला कुणी चांगलं टेनिस म्हणणार नाही. पण त्या वर्षी आपण सगळे असेच खेळत होतो. झ्वेरेव बोलताना रडला, त्याचे आईवडील येऊ शकले नव्हते, त्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली होती. तू मला मेसेज केलास, 'मावशी, आजीपण रडतेय.'

आता माझं. हे तुला कधी सांगितलेलं नाही.

माझी आईही सांगलीचीच. मी दर रविवारी सकाळी तिला फोन करायची, तिकडे संध्याकाळ. ती मला तिच्या सिरियलची गोष्ट सांगायची. साडी कुठली नेसली होती, सासू काय म्हणाली, मग जाहिरात लागली, मग लाइट गेले, मग शेजारणीकडे जाऊन बघितलं. आणि मी म्हणायची, 'आई, मुद्द्याचं सांग. शेवटी काय झालं?' ते व्हीसीआरचं बटण, बाई. ते बोटातून गेलंच नाही.

जानेवारी 2020 मध्ये मी फेब्रुवारीत जायचं ठरवलं होतं, आणि पुढे ढकललं. कारण? रजा. ऑगस्ट-सप्टेंबरसाठी मी दर वर्षी दोन आठवडे राखून ठेवायची, टेनिससाठी. लोकांना हे सांगितलं तर तोंडं वाकडी करतात, म्हणून 'कामाचा व्याप होता' असं सांगते. जानेवारीत कुणाला काय माहीत होतं? कुणालाच नाही. ते दोन आठवडे वर्षातले माझे स्वतःचे होते, बाकी पन्नास आठवडे मी दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या बघत होते. तेवढा हक्क मला होता, आजही तेच म्हणेन. मार्चअखेर विमानं बंद झाली, यात माझा काय दोष?

डिसेंबर 2021 मध्ये गेले. आई पलंगावर बसलेली. मी जवळ बसून म्हटलं, सांग, काय काय झालं. म्हणाली, 'काही नाही. बरं चाललंय.' सिरियलचं विचारलं. म्हणाली, 'लग्न झालं तिचं.' बस्. मी म्हटलं, अगं पण कसं झालं? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'तुला वेळ नसतो ना.' चिडून नाही म्हणाली, माझ्या सोयीसाठी म्हणाली. तीन आठवडे मी तिथे होते. ती थोडक्यातच बोलत राहिली.

म्हणून सांगते, गाळू नकोस. निबंध तपासणारे लोक कंटाळतील ही तुझी भीती मला कळते. कंटाळू देत. त्यांच्यापुढे 'मात करून' असे तीनशे कागद पडलेले असणार. त्यांत एकीनं तरी लिहावं, की मी एकोणिसाव्या वर्षी आजीला पुतळा आणि माणूस यांतला फरक ओळखायला शिकवत होते आणि ती मला 'ऋ' कसा काढायचा ते. फिजिओथेरपीलाच जाणार आहेस ना तू? महिनोन्‌महिने एकच गुडघा वाकवून घ्यायचं काम आहे ते. रोज तेच, आणि प्रगती डोळ्यांना दिसणारही नाही. त्या कामाची तयारी तुझी कुठे झाली, असं वाटतं तुला? वर्गात?

तू विचारशील, मावशी, तू तुझा एप्रिल 2020 का सांगत नाहीस? बरोबर आहे. क्वीन्सच्या हॉस्पिटलमध्ये होतीस म्हणजे पुष्कळ पाहिलं असशील, असं तुझे बाबाही एकदा म्हणाले. पाहिलंय. दाराबाहेर थंड ट्रक उभे असायचे. ते मी सांगेन कधीतरी. आत्ता नाही. हो, हे गाळणंच आहे, मला कळतं. पण मी कुठे निबंध लिहितेय?

चौथा परिच्छेद पूर्ण काढ आणि रविवारपर्यंत नवा पाठव. लांब झाला तर होऊ दे, कापायचं मी बघते. म्हणजे नाही, मी कापणार नाही, तूच बघ. फ्रिजवरचा कागद असेल तर त्याचा फोटो पाठव, तुझी आई काही टाकून देत नाही, वरच्या कपाटात बघ. आणि एक राहिलं. तो अंतिम सामना संध्याकाळभर चालला. तिसऱ्या सेटपर्यंत आजी जागी होती का, की तू तिला शेवटी उठवलंस? तेही लिही.

तुझी,
मावशी