झोपमोड

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं उभ्या गाडीबद्दलची आहेत. पळणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीवर फारसं कुणाचं म्हणणं नाही. राग आहे तो पार्किंगमध्ये गुपचूप उभी राहून चार्जिंग खाणाऱ्या गाडीवर. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. त्यातली वीस तरी डायनामो, सेल्फ आणि जळक्या वायरिंगमध्येच गेली. त्यामुळे उत्तरं दुकानातल्या भाषेत येतील, सांभाळून घ्या.

प्रश्न : गणपतीला आम्ही कोकण रेल्वेने संगमेश्वरला गेलो. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ७२ टक्क्यांवर ठेवली होती. गावाहून रोज ॲपवर बघत होतो, आकडा हळूहळू उतरत होता. बाराव्या दिवशी परत आलो तर ६६. गाडी जागची हललेली नाही. बॅटरी ४५ युनिटची आहे. गळते की काय? सर्व्हिस सेंटरवाले ‘नॉर्मल आहे’ म्हणून फोन ठेवतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी हिशोब करू. ४५ युनिटचे सहा टक्के म्हणजे २.७ युनिट. बारा दिवसांवर वाटले तर दिवसाला सव्वादोनशे वॅट-तास. म्हणजे देवघरात अखंड जळणारा झिरोचा बल्ब असतो ना, साधारण तेवढं. युनिटला दहा रुपये धरले तर झाले सत्तावीस रुपये.

पण तुम्ही सत्तावीस रुपयांसाठी पत्र लिहिलेलं नाही, हे मला कळतं. पेट्रोलच्या टाकीचा काटा रात्रीत उतरला की आपण नळी घेऊन आलेला चोर शोधतो. इथे चोर कोण ते दिसत नाही, म्हणून चैन पडत नाही. तुमच्या बाबतीत चोर बहुतेक तुमच्याच खिशात आहे, आणि ते मी माझ्या गाडीवर मोजून बघितलंय.

इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन. थोरली तीन-चारशे व्होल्टची, पायाखाली पसरलेली. धाकटी बारा व्होल्टची, पेट्रोल गाडीत असते तशीच, बॉनेटखाली कोपऱ्यात. दरवाजाचं लॉक, पडदा, गाडीतलं सिमकार्ड, सगळे छोटे कॉम्प्युटर हे धाकटीवर चालतात. तर एका रविवारी दुकान बंद असताना मी धाकटीच्या निगेटिव्ह वायरवर मिलिअँपिअर दाखवणारा डीसी क्लॅम्प, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, अडकवला. बॉनेट उघडं असलं की गाडी जागी राहते, म्हणून बॉनेटचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद केलं, म्हणजे गाडीला वाटावं बॉनेट लागलंय. चावी घरी, स्टीलच्या डब्यात. मग स्टूल टाकून बसलो.

पहिली दहा-बारा मिनिटं आकडा पायरी-पायरीने उतरत गेला. एकेक कॉम्प्युटर झोपत जातो तसा. शेवटी २४ मिलिअँपिअरवर ठरला. ही गाडीची गाढ झोप. चहा पिऊन आलो तरी २४. मग खिशातून फोन काढला आणि फक्त ॲप उघडलं. लॉक नाही, एसी नाही, नुसतं ‘किती टक्के आहे’ एवढं बघितलं. आकडा सात अँपिअरवर गेला. सात! जवळजवळ तीनशे पट. आणि ॲप लगेच बंद केलं तरी गाडी पुन्हा झोपायला सतरा मिनिटं गेली. म्हणजे एकदा डोकावलं की धाकटीतून दोन अँपिअर-तास गेले. धाकटी असते साधारण चाळीस अँपिअर-तासांची. दिवसातून सहा वेळा काळजीने बघा, बारा गेले.

गाडी चांगली असेल तर धाकटी उतरली की थोरली आपणहून तिला भरते, आणि तो खर्च तुम्हाला टक्क्यांत दिसतो. तुम्ही आकडा बघताय म्हणून आकडा उतरतोय. लहान मूल झोपलंय का हे बघायला दर तासाला दिवा लावावा, तसं झालंय.

सगळ्याच गाड्यांचं असं नसतं. काही ॲपं सर्व्हरवर साठवलेला शेवटचा आकडा दाखवतात, काही थेट गाडीला उठवून विचारतात. स्क्रीनवर टक्क्यांखाली वेळ लिहिलेली असते. ती कालची असेल तर गाडी झोपली आहे, उगाच ‘रिफ्रेश’ ओढू नका. फोनच्या पहिल्या पानावर गाडीचं विजेट लावलं असेल तर काढून टाका, काही विजेटं आपणहून विचारत राहतात. आणि एक राहिलं. तुमचा फ्लॅट तळमजल्यावर असेल आणि चावी पार्किंगच्या भिंतीला लागून खिळ्याला टांगलेली असेल, तर ती तिथून हलवा. चावीचा वास लागला की काही गाड्या उठून बसतात.

पुढच्या गणपतीत ॲप न उघडता जाऊन या. तरीही दिवसाला टक्का-दीड टक्का जात असेल, तर मात्र ‘नॉर्मल आहे’ ऐकून घेऊ नका. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, ट्रॅकर, ओबीडीच्या, म्हणजे मेकॅनिक तपासणीचं यंत्र लावतो त्या, खाचेत खोचलेलं काही, हे आधी काढा, आणि मग भांडायला जा.

प्रश्न : पहाटे तुळजापूरला निघायचं होतं. आदल्या रात्री गाडीत ‘अपडेट उपलब्ध’ आलं, मुलाने दाबून टाकलं. सकाळी बघतो तर शंभर टक्क्यांवर पूर्वी २९० दाखवायची ती आता २६२ किलोमीटर दाखवते, आणि ॲक्सिलरेटर सोडला की गाडी पूर्वीसारखी ओढून धरत नाही. अपडेटने बॅटरी कमी केली का? (सांगली)

उत्तर : चिरंजीवांना माझा निरोप सांगा : प्रवासाच्या आदल्या रात्री अपडेट करायचं नाही. नवीन चप्पल घालून पायी वारीला निघत नाहीत, तसंच.

ओढून धरणं म्हणजे रीजनरेशन, पाय सोडला की मोटरच वीज बनवून बॅटरीत परत टाकते आणि त्यात वेग उतरतो. त्याची पातळी अपडेटनंतर बरेचदा कंपनीच्या मूळ सेटिंगवर जाते. मेनूत जाऊन परत लावा. किलोमीटरचं कोडं त्याला जोडूनच आहे. तो आकडा बॅटरीत मोजपट्टी घालून काढलेला नसतो. तुमच्या मागच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून गाडीने बांधलेला अंदाज असतो तो. अपडेटमध्ये जुना हिशोब पुसला गेला की गाडी परक्या माणसाचा अंदाज सांगते. तीन-चारशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा आणि मग बघा. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची असेल तर एकदा सावकाश घरच्या चार्जरवर शंभरपर्यंत भरून तासभर तशीच लावून ठेवा. या जातीत मधल्या टप्प्यात व्होल्टेज जवळपास सपाट असतं, चाळीस टक्के आणि साठ टक्के यांतला फरक गाडीला व्होल्टेजवरून नीट कळत नाही. वर टेकली की तिचा हिशोब जुळतो.

एवढं करूनही अठ्ठावीस किलोमीटर परत आले नाहीत, तर शंका घ्यायला जागा आहे. अपडेट नुसतं गाण्यांचं नसतं. फास्ट चार्जिंगचा वेग, बॅटरीत वर-खाली न वापरता राखून ठेवलेली जागा, हे सगळं सॉफ्टवेअरच ठरवतं. म्हणून माझी सवय सांगतो. अपडेटचं बटण दाबण्याआधी मोबाइलने सात-आठ फोटो काढतो : टक्के, किलोमीटर, सॉफ्टवेअरचा नंबर, रीजनचं पान, चार्जिंग लिमिटचं पान. झाल्यावर परत तेच फोटो. भांडण झालंच तर ‘पूर्वी दाखवायची’ याला किंमत नसते, फोटोला असते.

आणि कायदा अगदीच गप्प नाही. वाहनांच्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी संयुक्त राष्ट्रांचा आर-१५६ हा नियम जानेवारी २०२१ पासून अमलात आहे, आणि आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस-१९० हे मानक आहे. आर-१५६ चा मथितार्थ असा की अपडेट कशासाठी आहे, काय बदलणार, किती वेळ लागणार, तोवर काय बंद राहणार हे मालकाला सांगायचं. पुरेसं चार्जिंग असेल तरच सुरू करायचं. मध्येच फसलं तर गाडी जुन्या अवस्थेत परत यावी किंवा निदान सुरक्षित राहावी. ‘काही सुधारणा केल्या आहेत’ एवढ्या एका ओळीवर कंपनी भागवत असेल, तर ही पाटी पुढे करा.

किती वेळ लागणार, ते खरोखर वाचा. मी वाचलं नव्हतं. दुकानाच्या तोंडाशी, अर्धी आत अर्धी गल्लीत उभ्या गाडीत मी ‘आत्ताच करा’ दाबलं. पडदा काळा झाला. पाचव्या मिनिटाला शेजारच्या लेथवाल्याचा कास्टिंग भरलेला टेम्पो मागे आला. “अण्णा, गाडी काढा की!” काढतो कशाची? न्यूट्रलला पडेना, हँडब्रेक विजेवरचा, चार जणांनी ढकलून हलेना. चाळीस मिनिटं टेम्पोवाला बॉनेटवर कोपर टेकून माझ्याकडे बघत होता. “काय खुळी झालीय काय ही?” असं त्याने तीन वेळा विचारलं. आता अपडेट रात्री, घरी, गाडी पूर्ण आत घेऊन. तळघरातल्या पार्किंगमध्येही नको. तिथे रेंज नसते, अपडेट अर्धवट उतरतं आणि गाडी रात्रभर प्रयत्न करत जागी राहते. अशा दोन गाड्या माझ्याकडे येऊन गेल्या.

प्रश्न : आठ दिवसांनी गाडीकडे गेलो तर काहीच नाही. रिमोट नाही, हँडल नाही, दिवा नाही. थोरली बॅटरी ८० टक्के होती! चार्जर लावला, तोही घेत नाही. (रत्नागिरी)

उत्तर : घरात धान्याचं कोठार भरलंय पण किल्ली आत राहिली. थोरली आणि गाडी यांच्या मध्ये मोठे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, असतात. गाडी बंद झाली की ते उघडतात, म्हणजे जोड तोडतात, सुरक्षेसाठी. ते परत जोडायला बारा व्होल्ट लागतात. धाकटी मेली की जोडणार कोण? चार्जरही आधी गाडीतल्या कॉम्प्युटरशी बोलतो, आणि तो कॉम्प्युटर धाकटीवरच.

रिमोटच्या पोटात लोखंडी चावी असते, ती काढून ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. कुलूप कधीकधी हँडलच्या टोपणाखाली लपलेलं असतं. बॉनेट उघडून धाकटीला बूस्टर किंवा दुसऱ्या बारा व्होल्टच्या बॅटरीने केबल लावा, प्लसला प्लस, मायनस मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या अर्थिंगला. गाडी ‘रेडी’ झाली की थोरली धाकटीला भरू लागते. तासभर चालू राहू द्या. उलटं मात्र करू नका. आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून शेजाऱ्याच्या डिझेल जीपला जंप द्यायला जाल तर सेल्फचा झटका सोसणारी यंत्रणाच तिच्यात नाही.

पेट्रोल गाडीची बॅटरी मरायच्या आधी पंधरा दिवस सांगते. सकाळी सेल्फ कण्हतो, दिवा पिवळा पडतो. इलेक्ट्रिकमध्ये कण्हणारं कुणी नाही. काल ठणठणीत, आज गेली. म्हणून दोन वर्षं झाली की दर सर्व्हिसला मल्टिमीटर लावून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ ला निम्मी, ११.८ ला संपलीच. तुमच्या पत्रात डॅशकॅमचा उल्लेख नाही, पण फोटोत काचेवर दिसतोय. पार्किंगमध्ये रेकॉर्डिंग चालू असेल तर पाव अँपिअर धरा, दिवसाला सहा अँपिअर-तास. आठ दिवसांचे किती झाले ते तुम्हीच करा.

प्रश्न : महिन्याभरासाठी भारतात येतेय. टेस्ला दहा दिवस विमानतळावर राहील, मग भाऊ घरी नेईल. सेन्ट्री मोड (उभ्या गाडीवरचा कॅमेऱ्यांचा पहारा) चालू ठेवू का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : नको. टेस्लाच्याच सांगण्यानुसार उभी गाडी दिवसाला साधारण एक टक्का खाते. सेन्ट्री चालू असेल, म्हणजे कॅमेरे आणि कॉम्प्युटर सतत जागे, तर तासाला सुमारे एक मैल. दहा दिवसांचे २४० मैल. वीस टक्क्यांखाली पहारा आपोआप सुटतो, म्हणजे शेवटी ना चार्जिंग ना पहारा. ७० टक्क्यांच्या आसपास ठेवा, सेन्ट्री बंद करा, आणि कोल्हापूरला आलात तर इथून ॲप उघडू नका.

प्रश्न : आमच्या वाड्यात गाडी आजीच्या खोलीच्या खिडकीखाली असते. आजी म्हणते, रात्री दोनच्या सुमाराला गाडीतून ‘टक्’ असा आवाज येतो, मग बारीक घूंऽऽ, मग परत ‘टक्’. बाकी कुणी ऐकलेलं नाही. (सातारा)

उत्तर : आजींचे कान शाबूत आहेत. ‘टक्’ म्हणजे वर सांगितलेले रिले जोडले गेले. घूं म्हणजे थोरली धाकटीला भरवतेय, त्यात कधी पंप किंवा पंखा फिरतो. पोट भरलं की दुसरा ‘टक्’. गाडी चांगली असल्याची खूण आहे ही. मात्र एका रात्रीत तीन-चारदा होत असेल तर धाकटी धरून ठेवत नाही किंवा कुणीतरी तिला झोपू देत नाही. आजींच्या उशाशी वही-पेन ठेवा, आठवडाभर ‘टक्’च्या वेळा लिहायला सांगा, आणि ती वही घेऊनच सर्व्हिस सेंटरला जा.