ट्रान्सक्रिप्शन घरून सुरू करायचंय? पेडलच्या आधी घड्याळ लावा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. टायपिंग चांगलं आहे, मिनिटाला ५० शब्द होतात, घरी कॉम्प्युटर आहे, दिवसाचे चार-पाच तास मोकळे मिळतात. तर ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून ते शब्दांत उतरवायचं काम, सुरू करावं का, पेडल (पायाने आवाज थांबवायचं-चालू करायचं साधन) आणि हेडफोन कुठले घ्यावेत, दर काय लावावा, आणि हे सगळं आता मशीनच करत असेल तर यात पडावं का, असं तुम्ही विचारलंय. मी हे काम १४ वर्षं घरून करतेय. तुमच्या प्रश्नांचा क्रम मात्र मी बदलणार आहे, कारण पेडल सगळ्यात शेवटी येतं.

आधी एक करा. दोन-तीन माणसं मोकळेपणी बोलताहेत अशी अर्ध्या तासाची कुठलीही मुलाखत निवडा. बातम्या नकोत, त्या वाचून दाखवलेल्या असतात, त्यामुळे काम उगाच सोपं वाटतं. घड्याळ लावून ती मुलाखत शेवटपर्यंत उतरवा. मग पहिल्यापासून पुन्हा ऐकत, मजकुरावर नजर ठेवून तपासा. दोन्हीला मिळून किती वेळ लागला ते लिहून ठेवा. सरावलेल्या माणसाला स्वच्छ आवाजाच्या एका तासाला साधारण चार तास लागतात. नवख्याला सहा ते आठ, आणि रेकॉर्डिंग वाईट असेल तर दहासुद्धा. समजा तुमच्या अर्ध्या तासाला साडेतीन तास गेले, तर तुमचं प्रमाण एकास सात. दर, मुदत, महिन्याला किती काम झेपेल, हे सगळं त्या आकड्यावरून काढायचं. तो माहीत नसताना सांगितलेला दर म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

टायपिंग एवढं चांगलं असताना इतका वेळ का लागतो, असं वाटेल. इंग्रजी बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १५० शब्द बोलतो. म्हणजे न थांबता ५० च्या वेगाने टाईप केलं तरी एका मिनिटाला तीन मिनिटं गेलीच. (मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात म्हणून शब्दांचा आकडा कमी दिसतो, बोटांचे कष्ट काही कमी होत नाहीत.) उरलेला वेळ मागे जाऊन ऐकण्यात, कोण बोललं ते ओळखण्यात, आणि एखाद्या गावाचं किंवा औषधाचं नाव बरोबर कसं लिहितात ते शोधण्यात जातो. वेग वाढवायला वाव असतो तो या उरलेल्या वेळात. मिनिटाला ५० चे ७० शब्द करण्यात महिने घालवू नका.

मी हे ठेच लागल्यावर शिकले. दुसऱ्या वर्षी एका संशोधन प्रकल्पाची तीन तासांची गटचर्चा घेतली, फाइल न ऐकता, नेहमीच्या दराने. आठ माणसं, मध्ये टेबलावर एकच मोबाइल, त्याच्या डोक्यावर पंखा. पहिल्या पंधरा मिनिटांत सगळे आळीपाळीने नावं सांगत होते, तोवर मी खुशीत होते. पुढे चर्चा रंगली आणि तिघं-तिघं एकदम बोलायला लागले. ३१ तास गेले. शब्द दिला होता म्हणून पुरं करून दिलं, पण त्या आठवड्यात माझी तासाची कमाई किती पडली याचा हिशेब मी आजतागायत कोणाला सांगितलेला नाही.

तेव्हापासून दर सांगण्याआधी मी फाइलच्या मधली पाच मिनिटं मागते. सुरुवातीची नाहीत, कारण सुरुवातीला सगळेच शहाण्यासारखे बोलतात. ती पाच मिनिटं घड्याळ लावून उतरवायची, प्रमाण काढायचं, आणि तुम्हाला कामाच्या एका तासाचे जेवढे मिळायला हवेत त्याला त्या प्रमाणाने गुणायचं. हा तुमचा रेकॉर्डिंगच्या तासाचा दर. बोलणारे चारच्या वर असतील, दर परिच्छेदाला वेळ टाकायची असेल, दोन दिवसांत हवं असेल, तर प्रत्येकाचे वेगळे पैसे, आणि हे काम हातात घेण्याआधी लेखी. पान, शब्द किंवा ओळ मोजूनही दर ठरतात. वैद्यकीय कामात मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरांची एक ओळ मोजण्याची पद्धत आहे. पण सुरुवातीला रेकॉर्डिंगच्या मिनिटावर दर लावा. फाइल किती मिनिटांची आहे यावर कोणी वाद घालत नाही.

यापुढचा मुद्दा दरापेक्षाही महत्त्वाचा आहे. समोरच्याला नक्की काय हवंय? काही जणांना प्रत्येक अडखळणं, प्रत्येक "म्हणजे", अर्धवट सोडलेलं वाक्य, हसणं, सगळं जसंच्या तसं हवं असतं. बहुतेकांना अडखळणं गाळलेलं पण शब्द बोलणाऱ्याचेच, असं हवं असतं. आणि काही जण "ट्रान्सक्रिप्शन हवंय" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात शब्दांकन असतं, म्हणजे वाचायला सुरेख, परिच्छेद पाडलेला, पुनरुक्ती काढलेला लेख. शब्दांकन हे लेखन आहे. त्याचा दर वेगळा, वेळ वेगळा. हा घोळ कामाआधी निस्तरला नाही तर तुम्ही इमानदारीने उतरवलेली ४० पानं बघून समोरचा म्हणतो, "हे असं कसं छापणार?" म्हणून मी आता त्याच पाच मिनिटांतलं अर्धं पान तिन्ही पद्धतींनी करून पाठवते आणि विचारते, यातलं कुठलं?

भाषाशास्त्र किंवा समाजशास्त्रातल्या कोणी "जेफरसन पद्धतीने हवंय" म्हटलं तर लगेच हो म्हणू नका. गेल जेफरसन यांनी संभाषणाच्या अभ्यासासाठी बसवलेली ती चिन्हांची पद्धत. त्यात बोलण्यातला खंड सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजून कंसात लिहायचा, दोघांचं बोलणं एकमेकांवर कुठे चढलं ते चौकटी कंसाने दाखवायचं, आवाज चढला-उतरला की बाण. सुंदर काम आहे, पण नेहमीच्या दराने घेतलंत तर माझ्या गटचर्चेसारखी गत होईल.

आता चुका. स्पेलिंगच्या चुकांना मी फार घाबरत नाही, त्या दिसतात आणि दुरुस्त होतात. न दिसणाऱ्या चुका वाईट. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि वाक्याच्या शेवटी माणसाचा आवाज पडतो. "आम्ही त्या बैठकीला गेलो नाही" यातलं "नाही" बोलताना "नै" होतं, आणि तेही पुढच्या श्वासात बुडतं. मी एकदा "गेलो" असंच ठेवून फाइल दिली होती. पुढचं वाक्य जुळेना म्हणून अभ्यासकाच्या लक्षात आलं. नसतं आलं तर कोणाच्या तरी प्रबंधात एक माणूस, न गेलेल्या बैठकीला हजर झाला असता. तेव्हापासून तपासताना मी वाक्यांची शेपटं वेगळी ऐकते. आकड्यांचंही तसंच. सात आणि साठ, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी. वैद्यकीय कामात हायपरटेन्शन आणि हायपोटेन्शन यांत एका अक्षराचा फरक आणि अर्थ नेमका उलटा. म्हणून वैद्यकीय आणि न्यायालयीन काम अनुभवाशिवाय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. न्यायालयीन कामाला तर बऱ्याच ठिकाणी प्रमाणपत्र किंवा नेमणूकही लागते.

ऐकू आलं नाही तर काय करायचं? तीनदा ऐका, थोडं संथ करून ऐका, पुढे जाऊन परत या. पुष्कळदा दहा मिनिटांनी तोच शब्द पुन्हा येतो आणि उलगडा होतो. तरीही नाही कळलं तर [अस्पष्ट ००:१४:३२] असं लिहून मोकळं व्हा. नव्या लोकांना यात कमीपणा वाटतो आणि ते अंदाजाने शब्द भरतात. खूण असेल तर समोरचा नेमक्या त्या जागी जाऊन ऐकू शकतो. अंदाज भरलेला असेल तर तिथे काही गडबड आहे हे त्याला कळणारच नाही.

फोनवरच्या मुलाखती जड जातात यात तुमच्या कानांचा दोष नाही. नेहमीची फोनलाइन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झमधलाच आवाज पुढे नेते. स आणि फ यांच्या उच्चारातला फरक सांगणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो, तो रेकॉर्डिंगमध्ये आलेलाच नसतो. आवाज वाढवून तो परत येत नाही, कान तेवढे बिघडतात. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षिततेची मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. हेडफोन घालून रोज बसणाऱ्याने हे विसरू नये.

मशीनचं काय? सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआय कंपनीने व्हिस्पर हे बोलणं आपोआप मजकुरात उतरवणारं साधन खुलं केलं, ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलेलं. त्यानंतर या धंद्याचं रूप बदललं, हे मान्यच करायला हवं. एक माणूस, चांगला माइक, प्रमाण इंग्रजी असलं काम आता माणसाकडे फारसं येत नाही, त्यावर व्यवसाय उभारू नका. (लघुलेखकाची गरज संपणार हे तसं जुनंच गाणं आहे. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी छापली, त्यात पहिलंच कलम लघुलेखकावाचून मजकूर सांगण्याचं होतं. पण या वेळी लांडगा खरोखर आलाय.) तुमच्या वाट्याला दोन प्रकारची कामं येतील. एक, मशीनने काढलेला मजकूर तपासून देणं. दोन, मशीनला जमत नाही किंवा मशीनकडे द्यायचं नाही असं काम: बोलीतल्या मुलाखती, दोन भाषांची सरमिसळ, गटचर्चा, वृद्धांच्या आठवणी, गोपनीय संशोधन.

तपासण्याचं काम सोपं समजून कमी दरात घेऊ नका. माणूस चुकतो तेव्हा वाक्य लंगडं होतं आणि नजर अडखळते. मशीन चुकतं ते व्याकरणशुद्ध, गुळगुळीत वाक्यात. शांततेच्या जागी ते कोणी न बोललेलं वाक्यसुद्धा घालून ठेवतं. त्यामुळे नुसतं वाचून भागत नाही, पूर्ण ऐकावंच लागतं. स्वच्छ फाइलला माझा निम्मा वेळ वाचतो. गोंगाटाच्या फाइलला मशीनचा मजकूर दुरुस्त करण्यापेक्षा कोऱ्या पानावर सुरू केलेलं लवकर होतं. इथेही पाच मिनिटं घड्याळ लावून बघा आणि मग बोला.

आणि दुसऱ्याची फाइल त्याला न विचारता कुठल्याही ऑनलाइन साधनावर चढवायची नाही. मुलाखत देणाऱ्याने भरवसा ठेवून सांगितलेलं असतं. मी कामाआधी लेखी देते की फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर राहील आणि काम पोचल्यावर अमुक दिवसांनी पुसली जाईल. घरात सगळे एकच कॉम्प्युटर वापरत असतील तर तुमचं खातं आणि पासवर्ड वेगळा ठेवा, आणि स्पीकरवर लावून कधीही काम करू नका. घरातल्यांनाही त्या गोष्टी ऐकायचा अधिकार नाही.

सामानाचं थोडक्यात. कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन हा पहिला खर्च. ओट्रान्स्क्राइब हे ऐकत-ऐकत उतरवायचं साधन ब्राउजरमध्ये फुकट चालतं आणि फाइल तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही. ते नको असेल तर एक्स्प्रेस स्क्राइब हे त्याच कामाचं सॉफ्टवेअर बघा. थांबवणं आणि मागे जाणं कीबोर्डवरच्या बटणांनी होतं. पेडलचा खरा फायदा एवढाच, की पाय उचलला की आवाज थांबतो आणि पुन्हा दाबला की सेकंद-दोन सेकंद मागून सुरू होतो, हात टायपिंगवरच राहतात. हा फायदा मोठा आहे, पण महिन्याला १० तासांचं रेकॉर्डिंग यायला लागलं की मग घ्या. त्याआधी वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये लघुरूपं भरा. बोलणाऱ्यांची नावं आणि सतत येणारे शब्द दोन अक्षरांत उमटायला लागले की वेग तिथेच वाढतो. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसणारी अक्षरं वापरून, टाईप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडे चिन्हांची रांगोळी होऊन उघडते.

कामं ओळखीतून येतात. पीएचडी करणारे, मौखिक इतिहासावर काम करणारे, पत्रकार, आत्मचरित्र बोलून सांगणारे निवृत्त लोक. त्यांना लांबलचक जाहिरात पाठवू नका, स्वतःच्या सरावातलं एक स्वच्छ पान पाठवा. मात्र "काम देतो, आधी नोंदणी फी भरा" म्हणणारा कोणीही असो, तिथून उठा. त्यातला एक ठरलेला प्रकार असा: पैसे भरून घेतात, ढीगभर पानं देतात, आणि शेवटी "अचूकता ९८ टक्क्यांच्या खाली गेली" म्हणून उलट तुमच्याकडेच दंड मागतात. खरं काम देणारा पाच-दहा मिनिटांची चाचणी घेईल. पूर्ण तासाची फाइल "चाचणी" म्हणून आली तर समजून जा.

या रविवारी ती अर्ध्या तासाची मुलाखत उतरवा. किती वेळ लागला, किती माणसं बोलत होती आणि आवाज कसा होता एवढं कळवा, मग दराचं बोलू.