‘हा गज वाकलाय का गं?’

*ताई, मी ५४ वर्षांची, नाशिक रोडला राहते. सासूबाई ७९ वर्षांच्या. सासरे प्रेसमध्ये होते, ते जाऊन अकरा वर्षं झाली. आईंची शाळा सातवीपर्यंतच, पण वाचनाचं वेड जबरदस्त. लग्न होऊन नाशकात आल्यापासून सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी त्यांनी एकदाही चुकवलेली नाही. दुपारी दोन ते चार खिडकीत पुस्तक घेऊन बसणार, मग घरात काहीही होवो. खरं सांगते, या दोन तासांचा मला तीस वर्षं राग होता. भांडी मी घासायची आणि पानं त्या उलटायच्या.*

*आता गुडघ्यांमुळे त्यांना बस चढवत नाही, म्हणून पुस्तक बदलायला मी जाते. खुणेला त्या सिटी बसचं तिकीट घालतात. गेल्या महिन्यात लक्षात आलं, सलग तिसऱ्या पुस्तकात तिकीट पहिल्या दहा पानांतच होतं. त्या दोनला पुस्तक उघडतात, चारला मिटतात, वाचत नाहीत. माझ्या मुलानं टॅबवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली, त्याला हात लावत नाहीत. विचारलं की ‘डोळे दमतात गं’. परवा खिडकीकडे बघत म्हणाल्या, ‘हा गज वाकलाय का गं?’ गज सरळच होता. वय झालं, म्हणून मी काही बोलले नाही. मला कळलंय हे त्यांना सांगू का? की पुस्तकं आणणंच बंद करू? मला स्वतःला वाचायची सवय नाही.*

*— एक सून*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा गजापाशी थांबले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण सगळ्यात आधी त्याचंच बघायला हवं.

सरळ रेघ वाकडी दिसणं ही डोळ्याच्या पडद्याच्या तक्रारीची खूण असते. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा इवलासा भाग असतो. अक्षर वाचायचं, सुईत दोरा ओवायचा, समोरच्याचा चेहरा ओळखायचा, हे सगळं त्याच्या जिवावर चालतं. उतारवयात काहींचा तो झिजायला लागतो. मग नजरेच्या मध्यभागी डाग येतो आणि कडेचं मात्र दिसत राहतं. म्हणून तर सासूबाई घरभर न धडपडता वावरतात, आणि तुम्हाला इतके दिवस शंका आली नाही.

या झिजेचे दोन प्रकार. कोरडा प्रकार सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पडद्यामागच्या नाजूक रक्तवाहिन्या पाझरतात, रेघा वाकड्या दिसायला लागतात आणि नजर झपाट्यानं जाऊ शकते. यावर डोळ्यात इंजेक्शनं देतात. ती वेळेत मिळाली तर उरलेली नजर बऱ्याचदा राखता येते, पण उशीर झाला की गेलेली परत आणणं कठीण. सासूबाईंना नक्की काय झालंय ते तपासल्यावरच कळेल, पण वाट बघत बसायचं हे दुखणं नाही. नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासणाऱ्या डॉक्टरांकडे न्या, याच आठवड्यात. तोवर एक करा. चौकटींच्या वहीचं पान त्यांच्यासमोर धरा, चष्मा तसाच राहू द्या, आणि एकेक डोळा झाकून विचारा की रेघा कुठे लाटेसारख्या दिसतात का, कुठे पुसल्यासारख्या वाटतात का. दोन्ही डोळे उघडे असले की धड डोळा दुसऱ्याचं उणं भरून काढतो. डॉक्टरांना गजाची गोष्ट सासूबाईंच्याच शब्दांत सांगा.

आता तुमचा प्रश्न. सांगायचं, आणि सरळ सांगायचं. पण मुलगा, नातू समोर असताना नको. दुपारी दोनला, दोघीच असताना. ‘आई, तिकीट पुढे सरकत नाही हे मी पाहिलंय,’ एवढं पुरे. त्या लपवतायत त्यामागे भीती आहे, असं मला वाटतं. डोळे गेले म्हटलं की वर्गणी बंद होईल, पुस्तकं थांबतील, आणि त्या खिडकीतल्या बाईची घरातली ओळखच पुसली जाईल. म्हणून त्या रोज जागेवर जाऊन बसतात. न दिसणारं पुस्तक मांडीवर घेऊन दोन तास! हे वाचताना माझ्या पोटात कालवलं. पुस्तकं आणणं अजिबात बंद करू नका.

तीस वर्षांच्या रागाबद्दल तुम्ही इतकं प्रामाणिकपणे लिहिलंत, त्यावर मी सारवासारव करणार नाही. भांडी दोघींत वाटली जायला हवी होती, आणि घरातल्या पुरुषांनीही हात लावायला हवा होता. तुमचा राग खोटा नव्हता. आणि सातवीनंतर जिची शाळा सुटली, त्या बाईला दिवसभरातले ते दोनच तास स्वतःचे होते, हेही खरं. ही दोन्ही खरी एकाच घरात राहिली, एवढंच. राग गेल्याचं नाटक त्यांच्यापुढे करू नका. कधी विषय निघाला तर बोला. मला वाटतं, त्यांनाही तो ठाऊक असणार.

टॅबला त्या हात लावत नाहीत याचं मला नवल वाटत नाही. वाचणारा आपल्या चालीनं वाचतो. आवडल्या ओळीवर रेंगाळतो, कंटाळवाणं वर्णन ओलांडून जातो, दोन पानं मागे जाऊन येतो. यंत्रातला आवाज त्याच्याच चालीनं पुढे निघून जातो. पण ते सोडूनही देऊ नका. पूर्वी दोन-तीनदा वाचलेलं पुस्तक आधी ऐकायला लावा, वाट ओळखीची असली की माणूस बावरत नाही. छापील अक्षर वाचता न येणाऱ्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून चालू आहे, त्याचीही चौकशी मुलाला करू द्या. उरलेल्या नजरेचा वापर शिकवणारे ‘लो व्हिजन’चे विभाग असतात, तेही डॉक्टरांना विचारा. घरच्या घरी दिव्याचं भिंग आणा. उजेड खांद्यामागून पानावर येऊ द्या. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी फट पाडून ती पानावर ठेवा, म्हणजे डोळा भरकटत नाही. त्यांना दिवसाला एक पान जरी स्वतः वाचता आलं तरी ते त्यांचं असेल.

पण खरं काम तुमच्या आवाजाचं आहे. ‘मला सवय नाही’ म्हणून बाजूला होऊ नका. अडखळलात तरी चालेल. पान मोठ्यानं वाचायला अडीच-तीन मिनिटं लागतात. अर्ध्या तासात दहा-बारा पानं, म्हणजे दोनशे पानांची कादंबरी तीन आठवड्यांच्या आत संपते. कादंबरीचं ओझं वाटलं तर दिवाळी अंकातल्या कथेनं सुरुवात करा, ती एका दुपारी होते. काय वाचायचं ते मात्र त्यांनाच ठरवू द्या.

माझे वडील पंचवटीतल्या घरी शेवटची दोन वर्षं असेच ऐकत असत. शिक्षक होते, त्यामुळे माझं वाचणं तपासलं जायचं. ‘स्वल्पविराम खाल्लास,’ म्हणायचे, आणि मला ते वाक्य पुन्हा वाचावं लागायचं. तेव्हा कंटाळा यायचा. पण डोळे गेलेल्या माणसाला ती एक गोष्ट माझ्यापेक्षा चांगली येत होती, आणि तेवढ्या वेळापुरते ते पुन्हा वर्गात उभे असायचे. कधी त्यांना झोप लागली असं समजून मी पुस्तक मिटायला जायची, तर डोळे न उघडता विचारायचे, ‘मग?’

सासूबाईंनाही तुम्हाला शिकवू द्या. त्यांनी साठ वर्षं काय काय वाचलं, हे त्या घरात अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. सोसायटीत त्यांच्या वयाच्या दोघीतिघी असतील तर त्यांनाही दुपारी बोलवा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातून २००९ पासून वाचकांच्या गटांकडे ग्रंथपेट्या जातायत. तुमच्याकडे अशी पेटी आणता येईल का, ते विचारून बघा. आणि पुढच्या वेळी त्या म्हणाल्या तर रिक्षा करून त्यांना वाचनालयात घेऊन जा. १८४० पासून चालू असलेली संस्था आहे ती, आणि त्यातली साठ वर्षं सासूबाईंची. कपाटांमधून फिरताना त्यांना पाठीवरची नावं दिसणार नाहीत, ती तुम्ही वाचा. कुठल्या नावाशी थांबायचं ते त्या सांगतील.

पण हे सगळं दवाखान्यातून आल्यावर. उद्या सकाळी आधी डॉक्टरांची वेळ घ्या. त्या गडबडीत पुस्तक परत करायला उशीर झाला आणि दंड पडला, तर पडू दे.