पिन उलटी लावून करंट जात नाही

प्रश्न : नागपुरातल्या महाल भागात एका जुन्या वाड्यात आम्ही सहा जणी शिवणकाम करतो. कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात. टू-पिन उलटी करून लावली की येत नाहीत. मालक म्हणतात, एमसीबी आहे, घाबरू नका. कूलरमध्ये पाणी मीच भरते. काय करू, काका?

उत्तर : ताई, आधी ती पिन काढून ठेवा. नवतप्यात नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दुरुस्ती होईपर्यंत पंख्यावरच भागवा.

पिन उलटी केली तरी करंटची गळती जागच्या जागी राहते, बहुधा पंपात नाहीतर मोटारीत. शिवाय दोनपैकी एका बाजूनं पिन लावली की कूलरचं बटण फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर तोडतं. बटण बंद, पंखा थांबलेला, आणि आत करंट तसाच. अन् तुम्ही बंद समजून टाकीत हात घालणार! सध्या झिणझिण्यांवर निभावतंय ते पायातल्या कोरड्या चपलेमुळे. फरशी ओली झाली की तोच करंट जोरात बसतो.

एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका, असते वायर जळू नये म्हणून. १६ अँपिअरची एमसीबी त्याहून जास्त लोड आल्याशिवाय पडत नाही, आणि माणसाचा हात आखडून चिकटायला १०-२० मिलिअँपिअर (अँपिअरचे हजारावे भाग) पुरतात. माणसासाठी लागते ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडते.

मी पस्तीस वर्षं वायरमन होतो. इतवारीतल्या एका दुकानात पाणी भरणारा पोरगा कूलरला चिकटला. कुणीतरी मेन पाडला म्हणून वाचला. कूलरला थ्री-पिन होती. मी ती उघडली, तर गळका करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी वायर कापून आतच दुमडलेली. त्या पोराच्या तळहातावरचा पांढरट चट्टा मला अजून दिसतो.

म्हणून मालकांना हे पान दाखवा. पंप नाहीतर मोटार, जे गळतंय ते बदला, थ्री-पिन लावा, आणि परवानाधारक वायरमनकडून आरसीसीबी बसवून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत सॉकेटचं वरचं मोठं भोक पुष्कळदा नुसतंच असतं, मागे वायरच नसते. तिथं कुणी न्यूट्रलचा तुकडा जोडून 'अर्थिंग झालं' म्हणाला, तर त्याला काम देऊ नका. न्यूट्रल तुटला की कूलरचा सगळा पत्रा फेजवर येतो.

यापुढं पाणी भरण्याआधी दर वेळी पिन काढायची. आणि आरसीसीबीवरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबायचं काम तुम्हीच अंगावर घ्या. दाबल्यावर लाईन गेली नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.