जावयांचं काय, हा प्रश्न बरोबर, कारण चुकीचं

(सांगलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आहे. मुलगी २८ वर्षांची, वालचंदमधून इलेक्ट्रॉनिक्स केलेली, पुण्यात एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. तिला नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या एका कंपनीची ऑफर आली आहे. जावई फिजिओथेरपिस्ट, कोथरूडला स्वतःचं क्लिनिक. मुख्याध्यापक विचारतात: “अ‍ॅमस्टरडॅम सोडून या आडगावात कशाला जायचं? आणि बायकोच्या नोकरीपायी जावई निघाले तर लोक काय म्हणतील?”)

सर, सप्रेम नमस्कार.

आधी आडगावाचं बघू. आइंडहोव्हनची वस्ती जेमतेम अडीच लाख, म्हणजे तुमच्या सांगली-मिरज-कुपवाडच्या निम्मी. तरी ते त्या देशातलं पाचव्या क्रमांकाचं शहर आहे. तुम्हाला किर्लोस्करवाडीच्या भाषेत सांगतो. १९१० मध्ये लक्ष्मणरावांनी माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी केली, त्याच सुमारास आइंडहोव्हनमध्ये फिलिप्स कंपनी कामगारांसाठी ‘फिलिप्सडॉर्प’ नावाची वसाहत बांधत होती. १८९१ मध्ये विजेच्या दिव्यांपासून सुरुवात झालेली ही कंपनी. तिच्याच भागीदारीतून १९८४ मध्ये एएसएमएल निघाली. आज जगातल्या सगळ्यात बारीक चिप छापणारी यंत्रं फक्त हीच कंपनी बनवते, शेजारच्या फेल्डहोव्हन गावात. तिला सुटे भाग आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या आसपास पसरल्या आहेत. तुमच्या मुलीच्या विषयात अ‍ॅमस्टरडॅम हेच आडगाव म्हणायला हवं.

तिच्या ऑफरमध्ये दोनच गोष्टी तपासा. कंपनी तिथल्या इमिग्रेशन खात्याची मान्यताप्राप्त प्रायोजक (म्हणजे परदेशातून माणसं बोलवायची मान्यता असलेली) आहे का, आणि पगार तिथे राहून काम करण्याच्या परवान्याच्या किमान मर्यादेत बसतो का. २०२५ मध्ये तिशीच्या आतल्यांसाठी ही मर्यादा महिन्याला ४,१७१ युरो होती, ८ टक्के सुट्टीभत्ता न धरता. दर जानेवारीत ती बदलते. परदेशातून बोलावलेल्यांना मिळणारी आयकर सवलत जास्तीत जास्त ५ वर्षांची असते, आणि २०२७ पासून पगाराच्या ३० ऐवजी २७ टक्क्यांपर्यंतच्याच भागाला ती मिळणार आहे. तेव्हा सवलत धरून आलेल्या पगारावर घराचा कायमचा हिशेब मांडू नका.

आता जावई. तुमच्या तीन पानी पत्रात त्यांच्यासाठी एकच ओळ आहे, तीही लोकांच्या तोंडची. लोक चार दिवस बोलतील आणि मग दिवाळीला चॉकलेटं मागतील. मला काळजी आहे ती वेगळी. मुलीच्या परवान्यावर त्यांना जोडीदार म्हणून परवाना मिळेल आणि कुठलीही नोकरी करायची मुभाही असेल. पण फिजिओथेरपिस्ट म्हणून रुग्णाला हात लावायचा तर तिथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या ‘बीआयजी’ नोंदवहीत नाव लागतं. युरोपबाहेरच्या पदवीला ते आपोआप मिळत नाही. पदवीची तपासणी होते आणि डच भाषेची परीक्षा द्यावी लागते. कार्यालयात इंग्रजीवर भागतं, पण गुडघा धरून बसलेल्या सत्तरीच्या आजी डचमध्येच कण्हतात. शून्यापासून त्या पातळीला पोचायला, रोज अभ्यास केला तरी, मी दीड-दोन वर्षं धरीन.

बायकांच्या बाबतीत हे मी कितीदा पाहिलंय. “ती तिथे काहीतरी बघेल” म्हणून नेतात आणि दोन हिवाळ्यांनंतर घरात बोलणं बंद होतं. इथे पुरुषाची पाळी आली म्हणून तुम्हाला पत्र लिहावंसं वाटलं, एवढाच फरक. (राग मानू नका.)

म्हणून माझा सल्ला असा. जावयांनी डचचे वर्ग पुण्यातूनच, याच महिन्यात ऑनलाइन सुरू करावेत. क्लिनिक विकू नये, विश्वासू सहकाऱ्याकडे वर्षभर चालवायला द्यावं. मुलीने पुढे जाऊन घर लावावं आणि त्यांनी पाच-सहा महिन्यांनी जावं. आणखी एक गोष्ट दोघांनी निघण्याआधी समोरासमोर बोलावी: तिची नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, आणि त्यांचा परवाना तिच्याच परवान्याला बांधलेला आहे. कोथरूडचं क्लिनिक चालू ठेवा म्हणतो ते यासाठीही.

घर मिळणं अवघड जाईल, आणि तिथे ‘रिकामं घर’ म्हणजे खरोखरच रिकामं. आधीचा भाडेकरू पडदे, दिवे, कधी जमिनीवरचं लाकूडसुद्धा उचलून नेतो. जाहिरातीत ‘काल’ (kaal, डचमध्ये उघडंबोडकं) असा शब्द दिसला तर तो हाच प्रकार. पहिलं वर्ष सामानासकट घर घ्यावं, महाग पडलं तरी.

राहिलं तुमचं काम. दोघांचे जन्मदाखले आणि विवाह नोंदणीचा दाखला काढून बघा. आपल्याकडच्या जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, आणि मुलीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव तर विवाहाच्या दाखल्यावर सासरचं, असा घोळ ठरलेला. आधी महापालिकेतून नाव लावून घ्या, पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा आणि मगच अपोस्टिलला (परदेशात कागद चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याला) पाठवा. तिथल्या नगरपालिकेत नाव नोंदवताना हेच कागद मागतात, आणि त्या नोंदणीतून नागरिक क्रमांक मिळतो. तो हातात आल्याशिवाय पगार, बँक, आरोग्यविमा सगळंच रखडतं. शाळेचे दाखले दुरुस्त करण्यात तुमची हयात गेली आहे, तेव्हा हे काम जावयांवर सोडू नका.